चव : चिठ्ठी क्रमांक एक्केचाळीस

आता सगळं निस्तरलं आहे. घरात दोन्ही वेळा स्वयंपाक होतो आहे, तो करणारी व्यक्ती माझ्याशी बोलते आहे, आणि माझी सख्खी बहीण मला अजून भाऊ म्हणते आहे. तेव्हा झालं ते सांगून टाकायला मी मोकळा आहे. मधले तीन-चार दिवस माझी जी अवस्था झाली ती वैऱ्याचीही होऊ नये, असं मी लिहिणार होतो. पण शब्द जपून वापरायचे असं आता ठरवलं आहे. वैऱ्याची थोडीफार व्हायला माझी ना नाही.

मी शब्दकोशाच्या कचेरीत नोंदकार आहे. एखादा शब्द माणसं कुठे, कसा, कशासाठी वापरतात ते चिठ्ठीवर टिपून घ्यायचं, हे माझं काम. सोळा वर्षांत आमचा कोश ‘च’पर्यंत पोचला आहे. हे ऐकून लोक हसतात. हसणाऱ्यांनी ‘क’ एकदा करून बघावा. आमचे दोन सज्जन सहकारी ‘क’ चालू असतानाच निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात दोघांचेही डोळे पाणावले होते, आणि ते आमच्यासाठी नव्हते, ‘ख’साठी होते.

तर गेल्या महिन्यात माझ्या वाट्याला ‘चव’ आला. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना ‘चवचाल’ आला होता. त्या मानानं माझं नशीब बरं म्हणायचं.

“चव म्हणजे काय, साधा शब्द,” मी संपादकसाहेबांना म्हणालो. “दोन दिवसांत उरकतो.”

“साध्या शब्दांनीच माझा रक्तदाब वाढवलाय,” साहेब म्हणाले. “आणि हे बघा, जुन्या कोशांतली कागदी वाक्यं मला नकोत. ‘या फळाची चव मधुर आहे.’ कोण बोलतं असं? जिवंत माणसांच्या तोंडून सहज निघालेली साठ वाक्यं आणा. बोलणाऱ्याला पत्ता लागता कामा नये.”

“मलाही जिवंतच उदाहरणं आणायची?” शेजारच्या टेबलानं घाबरून विचारलं.

“तुम्हाला पुस्तकातली चालतील,” साहेब म्हणाले, आणि त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

आमची नोंदीची चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी असते. वर वाक्य. खाली बोलणाऱ्याचं नाव, पत्ता, प्रसंग. सगळ्यात खाली एक रकाना: ‘वाक्यात कुणाचा उल्लेख असल्यास त्या व्यक्तीचे नाव व पत्ता’. हा रकाना बहुतेक नोंदकार कोरा सोडतात. मी सोडत नाही. मी पिनकोडसुद्धा लिहितो. माझ्या व्यवस्थितपणाचं घरात कधी चीज झालेलं नाही, निदान कचेरीत तरी व्हावं, एवढीच माझी इच्छा असते.

पहिली चूक मी त्याच संध्याकाळी केली. बायकोला सांगितलं.

“म्हणजे मी ‘चव’ म्हटलं की तुम्ही लिहून घेणार?” तिनं विचारलं.

“तू सहज बोल. माझ्याकडे लक्षच देऊ नकोस.”

“ते मला जमेल,” ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिनं तो शब्द तोंडातून काढला नाही. भाजी वाढून “कशी झालीय?” एवढंच विचारायची. मी उत्तर दिलं तर ते माझं वाक्य होणार, म्हणजे नोंदीला निरुपयोगी. म्हणून मी गप्प बसायचो. मी गप्प बसतो म्हणून ती चिडायची. चिडूनसुद्धा तिनं तो शब्द वापरला नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तिचा जिभेवरचा ताबा मला पहिल्यांदाच दिसला.

मात्र ही बातमी तिनं समोरच्या वहिनींना सांगितली. या वहिनी घरी शिवणकाम करतात. कपडे टाकायला आलेल्या प्रत्येकाला मापाबरोबर एक बातमीही मिळते. त्यांनी ती वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना दिली. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते चोवीस वाक्यं लिहून घेऊन आमच्या दारात उभे. सुवाच्य अक्षर, ‘चव’ शब्दाखाली लाल शाईची रेघ. पहिलंच वाक्य होतं, ‘ज्यास ज्ञानाची चव कळली त्यास आळसाची चव रुचत नाही.’

“मास्तर, हे तुम्ही कधी बोललात?” मी विचारलं.

“आत्ता बोलतो,” मास्तर म्हणाले, आणि बोलले. चोवीसही.

वाक्य सहज निघायला हवं, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. ते दुखावून गेले, पण हटले नाहीत. त्या दिवसापासून ते जिन्यात सहज बोलू लागले. त्यांचं बघून बाकीचेही लागले. गळ्यात मापाची टेप अडकवून वहिनी दारात यायच्या आणि “आजच्या उन्हाला काही चवच नाही, नाही का हो?” असं म्हणून मी पेन्सिल काढतो का ते बघायच्या. विजेच्या मीटरचे आकडे घ्यायला आलेला माणूससुद्धा जाता जाता “तुमच्या मीटरला चव आहे हं” म्हणाला. त्याला बहुधा जिन्यात मास्तर भेटले असावेत.

पाच दिवसांत माझ्याकडे एकही खरी चिठ्ठी नव्हती. मग मी भूमिगत झालो.

आमच्या आणि वहिनींच्या घरांच्या मध्ये एक अरुंद उभी पोकळी आहे. तिच्यातून पाइप जातात. सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या आणि बाथरूमच्या खिडक्या तिच्यातच उघडतात, त्यामुळे इमारतीतलं खरं बोलणं तिथे ऐकू येतं. मी बाथरूममध्ये बादली उपडी घातली, तिच्यावर बसलो आणि खिडकीला कान लावला. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी तासभर. हे काम प्रतिष्ठेचं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण प्रतिष्ठेनं मला पाच दिवसांत काय दिलं होतं?

दुसऱ्या दिवशी बायकोनं दार वाजवलं. “अहो, बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“तिसऱ्यांदा गेलात सकाळपासून.”

खरं सांगावं तर वाक्यं पुन्हा आटणार. मी पोट बिघडल्याचं कबूल केलं. त्याचा परिणाम असा झाला की माझ्यासाठी वेगळं ताट निघू लागलं. उकडलेलं, गिळगिळीत, तेल नाही, तिखट नाही, मीठ नावाला. वहिनींनी ओव्याचं पाणी पाठवलं. मास्तरांनी पोटाच्या विकारांवर दोन पानी टिपण पाठवलं. अशा रीतीनं ‘चव’ या शब्दाची नोंद करणारा माणूस आठवडाभर चवीवाचून राहिला, आणि तक्रार करायची सोय नाही.

पण वाक्यं काय येत होती! “तेल ओता नाहीतर तूप ओता, हाताला चव असावी लागते,” हे तिसऱ्या मजल्यावरून. “दुसऱ्याचं भांडण किती चवीनं ऐकतेस गं!” हे दुसऱ्यावरून. “तोंडाला अगदी चव नाही,” असं म्हणून एका आजोबांनी तिसऱ्यांदा वाढून मागितलेलं मी स्वतः ऐकलं. “त्याला मोठेपणाची चव लागलीय, आता तो कसला फोन करतोय.” आणि एक बाई भांडी घासता घासता कुणाला तरी म्हणाली, “चार दिवस माहेरी राहून आले, पण आई गेल्यापासून तिथे चव नाही बघ.” हे लिहिताना मात्र माझा हात जरा थांबला. एवढासा शब्द, पण माणसं काय काय त्याच्या हवाली करतात.

एक्केचाळिसावी चिठ्ठी आमच्याच स्वयंपाकघरातून आली. बायको खिडकीशी उभी राहून समोरच्या वहिनींशी बोलत होती. मी पलीकडे बादलीवर. तिचा आवाज स्पष्ट आला: “वन्संनी त्या दिवशी माझ्या पातेल्यात हात घातला आणि साडेसहा वर्षांची चव घालवली!”

साडेसहा वर्षांची चव! मी बादलीवरून अर्धा उठलो. असं वाक्य नोंदकाराला जन्मात एकदा मिळतं. वाक्य मिळालं की ते त्याच क्षणी उतरवायचं, नाहीतर शब्द जागचे हलतात, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. मी खिडकी लावून घेतली, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवली आणि लिहिलं. बोलणारी: नोंदकाराची पत्नी. उल्लेख: नोंदकाराची थोरली बहीण. मग ताईचा पत्ता, पिनकोडसकट.

या वाक्यामागची हकिकत थोडक्यात सांगायला हवी. साडेसहा वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा चाळीस माणसांना जेवायला बोलावलं होतं. ताई मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती, आता निवृत्तीनंतर एकटी राहते. जिथे जाईल तिथे वॉर्डात शिरल्यासारखी शिरते. ती स्वयंपाकघरात गेली, चमचाभर भाजी चाखली आणि कुणाला न विचारता पातेल्यात मीठ टाकलं. भाजी इतकी खारट झाली की चाळीस माणसं नुसतं पाणी पीत बसली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. साडेसहा वर्षं मी मधला. इकडून “त्यांना सांगा”, तिकडून “तिला सांग”. तीन महिन्यांपूर्वी मी एक धाडस केलं. ताईला नव्या वर्षाचं भेटकार्ड पाठवलं, बायकोच्या नावानं, सही मीच करून. आठ दिवसांत दोघी फोनवर बोलायला लागल्या. एकमेकींच्या घरी अजून कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, पण आठवड्यातून दोनदा फोन होत होता. घरातलं एक जुनं दुखणं माझ्या मुत्सद्देगिरीनं बरं होत आलं होतं, आणि त्याचा मला किती आनंद होता ते मी कुणाला सांगितलेलंही नव्हतं.

गुरुवारी मी एकसष्ट चिठ्ठ्या साहेबांसमोर ठेवल्या. एक्केचाळिसावी त्यांनी तीनदा वाचली. “हे आपण कोशात छापायचं,” ते म्हणाले. “ठळक अक्षरात.” शेजारच्या टेबलानंही उठून माझा हात हातात घेतला. शुक्रवार मी तरंगतच काढला.

शनिवारी सकाळी मास्तर आमच्या दारात आले. हातात एक छापील कार्ड.

कार्डावर ‘नमुना ब’ असं लिहिलं होतं. ‘आमच्या नोंदकाराने टिपलेल्या पुढील वाक्यात आपला उल्लेख आहे.’ खाली वाक्य: ‘मास्तर एकच गोष्ट इतकी चघळतात की तिची चव जाते.’ खाली बोलणाऱ्याचं नाव, म्हणजे समोरच्या वहिनींचं. त्याखाली, ‘हे वाक्य कोशात छापण्यास आपली हरकत आहे / नाही. हरकत असल्यास कारण.’

“मी चघळतो?” मास्तर म्हणाले. “मी विस्तार करतो! चघळणं वेगळं, विस्तार वेगळा. चघळणं म्हणजे काय, तर...” आणि वीस मिनिटं त्यांनी विस्तार केला. कारणासाठी कार्डावर दीड ओळ होती. त्यांनी सोबत चार पानं जोडली. तिकडे वहिनींनी आमच्या बाजूची खिडकी आपटून लावून घेतली. त्या दोघांचं पुढे चार दिवसांनी मिटलं, कारण मास्तरांच्या कोटाचं अस्तर उसवलं आणि शिवणकाम करणारं दुसरं कुणी जवळपास नाही. पण त्या सकाळी माझं मास्तरांकडे लक्षच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच कार्ड होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ताईच्या पत्त्यावर, पिनकोडसकट निघालेलं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असते. मी धापा टाकत पोचलो. पडताळणी कक्ष हा आमच्याकडे नवा. तो एकट्या बाई चालवतात आणि अतिशय नीट चालवतात.

“उल्लेख असलेल्या माणसाला कळवायचं, असा नियमच आहे,” बाई म्हणाल्या. “आजवर तो रकाना कुणी भरतच नव्हतं, म्हणून आम्ही नुसते बसून होतो. तुमच्यामुळे पहिल्यांदा काम मिळालं. कार्डं काल टपालात गेली.”

“एक परत मागवता येईल?”

“येईल की. ‘नमुना क’. कारणं तीनच चालतात. बोलणारा वारला, पत्ता चुकला, किंवा वाक्य खोटं आहे.”

“नोंदकाराला बहिणीची भीती वाटते, असं नाही का कुठे?”

“तशी सूचना ‘नमुना ड’मध्ये करता येते. पुढच्या वर्षी विचार होईल.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “वाक्य खोटं आहे असं लिहून द्या ना. लगेच मागवते.”

मी लेखणी हातात घेतली. आणि काय सांगू, मला ते लिहवेना. सोळा वर्षांत मी एकही खोटी चिठ्ठी दिलेली नाही. संसार जातोय हे दिसत असूनही मी ताठ मानेनं म्हणालो, “वाक्य खरं आहे, बाई. माझ्या कानांनी ऐकलंय.” आणि लेखणी खाली ठेवली.

टपाल कचेरीतल्या माणसानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पत्र पाठवणारा अर्ज करू शकतो,” तो म्हणाला. “पाठवणारं कोण?”

“आमची कचेरी.”

“मग कचेरीला घेऊन या.” आणि त्यानं खिडकी बंद केली, कारण एक वाजला होता.

रविवारभर मी घरात वावरत होतो, पण कशातच लक्ष नव्हतं. दुपारी ताईचा फोन आला. बायको हसून बोलत होती, आणि तिच्या हसण्याचा प्रत्येक आवाज माझ्या काळजात जात होता. उद्यापासून हे बंद होणार आणि या वेळी कारण मी असणार. बायकोला सांगून टाकावं असं पाच-सहा वेळा मनात आलं. पण मग बादलीपासून सुरुवात करावी लागली असती. शेवटी मी शेजारच्या टेबलाच्या घरी फोन केला.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “उद्या बहिणीकडे जाऊन बसा. पोस्टमन आला की दार तुम्ही उघडा. आणि जाताना काहीतरी काम काढून जा, नाहीतर संशय येतो.”

ताईच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो, हे मला माहीत होतं. सोमवारी सकाळी साडेनऊला मी हातात पकड घेऊन तिच्या दारात उभा राहिलो.

“तू? नळ दुरुस्त करणार?” ताई म्हणाली. “तुला बाटलीचं झाकण उघडत नाही.”

“शिकलो आता.”

“आणि तोंड असं का उतरलंय? पोटाचं काय झालं? ती म्हणत होती, आठवडाभर बाथरूममध्येच असतोस.”

मी विषय बदलून नळाकडे वळलो. बेत असा होता की बारा वाजेपर्यंत नळाशी उगाच खुडबुड करायची आणि कान दाराकडे ठेवायचा. पण ताई कंबरेवर हात ठेवून मागे उभी राहिली. वॉर्डात नव्या नर्सच्या मागे उभी राहायची तशी. नुसती खुडबुड करणं अशक्य झालं. मी पकड लावली आणि पिळली. नळ हातात आला. त्याच्या जागी भिंतीतून पाण्याचा जो फवारा सुटला तो थेट माझ्या तोंडावर. मी दोन्ही तळव्यांनी भोक दाबून धरलं, आणि बरोबर त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली.

“मी बघतो!” मी ओरडलो.

“तू हात काढलास तर माझं घर वाहून जाईल,” ताई म्हणाली. “मी बघते.”

पोस्टमनचा आवाज आला. दार लागल्याचा आला. पाणी माझ्या बाह्यांतून आत शिरून कोपरांवरून टपटपत होतं. मी देवाचं नाव घ्यावं म्हटलं, पण त्या घटकेला एकही आठवेना.

ताई कार्ड हातात धरून दारात आली. चष्मा लावलेला. तिनं सगळं कार्ड मोठ्यानं वाचलं, अगदी ‘नमुना ब’पासून. ‘बोलणारी: नोंदकाराची पत्नी’ इथे तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“ताई, आधी तो वरचा कॉक बंद कर.”

“आधी मला सांग, हे काय आहे?”

मी सगळं सांगितलं. साहेब, साठ वाक्यं, बादली, खोटं पोट, सगळं. हात भिंतीला चिकटलेले असले की माणूस खरं बोलतो. “तिच्यावर रागावू नकोस,” मी म्हणालो. “जुना राग होता, बोलून गेली. चूक माझी आहे. तिनं विश्वासानं शेजारणीला सांगितलं आणि मी ते चोरून लिहिलं. साडेसहा वर्षांनी तुमचं जरा बरं चाललं होतं गं, आणि मी माती केली.” माझा आवाज फुटला. पाण्यामुळे डोळ्यांचं काही दिसलं नसेल, एवढंच.

ताई स्टुलावर बसली. “अरे शहाण्या,” ती म्हणाली, “हे वाक्य तिचं नाहीच. माझं आहे.”

“काय?”

“तीन महिन्यांपूर्वी मीच तिला फोन केला. म्हटलं, मी त्या दिवशी तुझ्या पातेल्यात हात घातला आणि साडेसहा वर्षांची चव घालवली. माफ कर. तेच ती शेजारणीला सांगत असणार.”

“पण मग माझं भेटकार्ड?”

“ती तुझी सही आहे हे मला पाकिटावरच्या अक्षरावरून कळलं. त्याचा काही संबंध नाही.” हे ती इतक्या सहज म्हणाली की मला ते कुठे लागलं हे तिला कळलंही नसेल. “एकटीपुरतं रांधायला लागले ना, तेव्हा समजलं. एकटीच्या पातेल्यात हात घालायला कुणी येत नाही. म्हणून केला फोन. तू तिचं पुढचं बोलणं ऐकलंस तरी का?”

“नाही.”

“का?”

“पुढच्या वाक्याची वाट बघितली नाही,” मी म्हणालो. “मला माझं वाक्य मिळालं होतं.”

ताईनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग तिनं फोन घेतला, लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

“अगं, हा इथे आलाय,” तिनं सुरुवात केली आणि पाच वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मेट्रन होती ती.

“म्हणजे पोट बिघडलंच नव्हतं?” बायकोचा आवाज आला. “आणि मी मेली रोज वेगळं शिजवत बसले!”

“ते नंतर बघ. तू शेजारणीला पुढे काय म्हणालीस, ते याला सांग. यानं ऐकलंच नाही.”

बायकोनं खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

“वन्सं,” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. “तुम्ही ऐकताय ना? मग आता सांगतेच. तुम्ही फोनवर रडलात, तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. त्या दिवशी तुम्ही मीठ टाकताना मी बघितलं होतं. चिमूटभरच टाकलंत. माझ्या पातेल्यात न विचारता टाकलं म्हणून मला इतका राग आला, की तुमची पाठ वळल्यावर मी आणखी मूठभर टाकलं. तुमच्या नावावर जावं म्हणून. हे मी समोरच्या वहिनींना सांगत होते. वन्संना कधी आणि कसं सांगू, असं विचारत होते.”

मी भिंतीला टेकलो. ज्या वाक्यासाठी मी तीन दिवस मरत होतो ते निरुपद्रवी निघालं होतं, आणि खरा सुरुंग माझ्याच उपस्थितीत, माझ्याच चिठ्ठीमुळे फुटला होता. ताईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पाणी तेवढं सूं करत होतं.

“मूठभर?” ताईनं विचारलं.

“मूठभर.”

“मोठी मूठ?”

“हो.”

“तरीच!” ताई स्टुलावरून उठलीच. “तरीच म्हणते मी! बत्तीस वर्षं औषधं मोजली या हातानं, थेंबभर इकडचं तिकडे झालं नाही. आणि चाळीस माणसं माझ्या एका चिमटीनं तहानली? अगं, साडेसहा वर्षं मला माझ्या हाताची शंका येत होती! चहात साखर घालताना हात थांबायचा माझा!” आणि ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग ओट्याला धरून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पलीकडे बायको रडत होती की हसत होती ते कळेना, बहुधा दोन्ही. माझ्या छातीवरचा दगड असा झरकन उतरला की मीही हसलो, आणि माझा एक हात सुटून फवारा छतापर्यंत गेला.

“रागावलात ना?” फोनमधून आवाज आला.

“रागावले. पण हलकं इतकं वाटतंय की राग आठवत नाही,” ताई म्हणाली. “तू आत्ता ये इकडे. फोनवर नको. समोर ये.”

त्यानंतर कुठे तिनं वरचा कॉक बंद केला. मला एक जुना टॉवेल दिला. मग खुर्चीत बसून तिनं कार्डावर ‘हरकत आहे’ या शब्दांभोवती गोल केला आणि कारणाच्या दीड ओळीत लिहिलं, ‘वाक्य माझे आहे, परंतु त्यात सांगितलेली गोष्ट खोटी निघाली. छापू नये.’ खाली सही. कोशाचं सर्वांत उत्तम वाक्य गेलं. साहेब हळहळणार हे उघड होतं. मला मात्र तिळभर वाईट वाटलं नाही. उरलेल्या साठांतही भरपूर चव आहे.

पाऊण तासानं घंटा वाजली. बायको साडेसहा वर्षांनी त्या दारात उभी होती. घाईत निघालेली, केस नीट विंचरलेले नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. ती उंबऱ्यापाशी थांबली. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सगळीकडे पाणीच पाणी झालं होतं.

“चप्पल काढू नकोस,” ताई म्हणाली. “आणि सांभाळून ये, घसरशील.” तिनं हात पुढे करून बायकोचा हात धरला आणि तिला सावकाश, एकेक पाऊल टाकत, पाण्यातून आत नेलं. आतली खोली कोरडी होती. तिथे पोचल्यावरही तिनं तो हात सोडला नाही.